भरूचचे घोडेस्वार

९ नोव्हें. ९७, रवि.
मी रचलेल्या लढाईच्या खेळात ऑफिसातले महेंद्रभाई आज अकराव्यांदा हरले. ते भरूचवाल्या नहपान राजाच्या बाजूचे, मी गौतमीपुत्र सातवाहनाच्या. ते मूळचे भरूचचे. मी मराठी, आजोबा सरकारी पागेत नोकरीला. गंमत म्हणून केलेल्या वाटण्या तशाच राहिल्या. पाचव्या डावाला त्यांचे घोडेस्वार पळाले. ‘मारामां ज अक्कल ओछी छे, शिंदेभाई,’ म्हणाले, माझीच अक्कल कमी. सोंगट्या मोजून डब्यात भरल्या आणि वासण्याला घरी गेले. माझ्याने मान वर करवेना.

११ नोव्हें.
इथे तरी खरं लिहावं. ही लढाई कुठे, कशी झाली, कुणालाच ठाऊक नाही. गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यांवर आपला छाप मारला, एवढा पुरावा. डोंगर, नदीचा उतार, कुणाचं पायदळ किती, सगळं मी बसवलं. इथवर ठीक, असे खेळ रचणाऱ्या सगळ्यांनाच ते करावं लागतं. पण नहपानाच्या स्वारांचं धैर्य मी चार ठेवलं. आमच्यांचं सात. आधार? शून्य. आपली माणसं जिंकलेली आवडतात, बस. धैर्याचे आकडे माझ्या वहीत, म.भाईंनी कधी वही मागितली नाही. चारचे स्वार पहिल्या धक्क्याला पळणारच, मग फासे कसेही पडोत. बाजू बदलून खेळणं हा नव्या खेळाच्या चाचणीचा पहिला नियम. बदलली असती तर उघडं पडलं असतं. म्हणूनच बदलली नाही.

१४ नोव्हें.
विलायतेच्या युद्धखेळांच्या क्लबचं पत्र! लढाई त्यांच्या अंकात छापणार. चाचणी खेळलेल्याचा लेखी अभिप्राय हवा. ऑफिसात म.भाईंना सांगितलं, तर ड्रॉइंग बोर्ड सोडून हात मिळवायला आले. जेवणाच्या सुट्टीत लिहूनही आणलं, सुवाच्य इंग्रजीत: खेळ समतोल आहे, पराभव माझ्या कच्च्या डावपेचांमुळे. खाली पूर्ण नाव, हुद्दा. मी थँक्यू म्हणालो. थँक्यू!

१५ नोव्हें.
बायकोला सांगितलं. ‘मग सांगून टाका ना त्यांना. इतका भला माणूस.’ उद्या सांगतो म्हटलं. ‘नक्की?’ म्हणाली तर तिच्यावरच खेकसलो. चूक माझी आणि…

१६ नोव्हें., रवि.
नाही सांगितलं. सकाळी वहीत गुपचूप चारचे सहा केले.

म.भाई जिंकले. स्वार जागचे हलले नाहीत, माझी डावी फळी कापून काढली. उठून आमच्याच फोनवरून भाभींना: ‘सांभळ, हुं जीती गयो!’ दोनदा सांगितलं. आमच्या नागरवाड्यात खालपर्यंत ऐकू गेलं असेल. मी भीक घातली आणि त्यांनी ती कमाई म्हणून घरी कळवली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘एक हारमां आटलुं बधुं शुं? एवढं काय त्यात? मी अकरा वेळा हरलो, शिंदेभाई. शिकलो ना?’

सांगायला तोंड उघडलं. ‘चहा टाकायला सांगू?’ म्हणालो.

म.भाईंचा अभिप्राय क्लबच्या पाकिटात आहे. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. उद्या ऑफिसात शेजारीच बसायचंय.