डाव्या बाजूचा आरसा

बाबा, रविवारी सायकलला आरसा बसवून घेतला. एवढंच तुला सांगायचं होतं, एका ओळीचं काम. पण आज सोमवार, सकाळपासून मी त्याच ओळीवर अडून बसले आहे. संध्याकाळी साडेपाचला पेपरचं पान छपाईला सोडायचं म्हटलं की माझं वाक्य कधी अडत नाही. तीस वर्षं हेच काम केलं, लोक मेले, इमारती पडल्या, तरी दिलेल्या वेळेत दिलेल्या जागेत मजकूर बसवला. आज कोणी वेळ दिलेली नाही, जागाही मोकळी आहे, आणि मला सुचत नाही. घरात आम्ही तुला तूच म्हणायचो. पेपरात लिहिताना मी तुला 'ते' केलं होतं. इथे परत तू.

आरसा का, ते आधी सांगते. साखर वाढली म्हणून दोन वर्षांपूर्वी मी रिक्षा सोडून सायकल धरली. अंजूरहून धामणकर नाक्यापर्यंत, तुझाच रस्ता. तू बघितलास तर ओळखणार नाहीस. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी आहेत आणि बैलगाडी जायची तिथून कंटेनर जातात. गेल्या महिन्यात त्यातलाच एक माझ्या उजव्या कोपराला वारा देऊन गेला. इतक्या जवळून, की ओढणी त्याच्या मागे ओढली गेली. पुढे जाऊन त्याने गाडी थांबवली, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "ओ आंटी, बहरी है क्या? कबसे हॉर्न मार रहा हूँ!" मी म्हणणार होते की हॉर्न वाजलाच नाही. मग मागचा रिक्षावाला म्हणाला, "वाजवत होता हो ताई. आम्हाला तिकडे ऐकू आला." कान तपासून घेतले. उजवा बराच गेला आहे, डावा त्याच्या मागोमाग निघाला आहे. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा, नाही तर निदान आरसा लावा.

नाक्याच्या अलीकडच्या गल्लीत एक सायकलचं दुकान आहे. दुकानदार सत्तरीचा, डोक्यावर टोपी, मेंदी लावलेली दाढी, हातात सतत पाना. त्याने माझ्यापुढे तीन आरसे ठेवले. एक हँडलच्या नळीच्या तोंडात बसणारा, छोटा. तो दिसायला छान, पण बघायला मान खाली घालावी लागते. दुसरा गोल, फुगीर काचेचा, त्यात अख्खा रस्ता मावतो. "लेकिन इसमें धोखा है," तो म्हणाला, "ट्रक दूर दिखेगा, होगा आपके सर पे." तिसरा सपाट काचेचा, दाखवतो थोडं, पण जे जितकं लांब आहे तितकंच लांब दाखवतो. मी तो सपाट घेतला. दांडी आखूड घ्या, लांब दांडी खड्ड्यात थरथरते आणि सगळंच दोन-दोन दिसतं, असंही त्याने सांगितलं. पकडीखाली घालायला जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि विचारलं, "हाँ, तो राइट में लगाऊँ ना?"

मी म्हटलं, डावीकडे.

विचार करून नाही म्हटलं. सायकलचा आरसा डावीकडे असतो, हे मला हात धुवून जेवायचं असतं इतकं पक्कं माहीत होतं. तो हसायला लागला. "ताई, गाड़ी किधर से आती है? राइट से. लेफ्ट में क्या देखोगी, गटर?" मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या सायकलला डावीकडेच होता. वर्षानुवर्षं. "फिर वो रास्ता नहीं देखते थे," तो म्हणाला आणि नुसता मला पटावं म्हणून आरसा डाव्या बाजूला धरला. "बैठो सीट पे. देखो. क्या दिखता है?" मी बसले. त्याने काच आत वळवली, तुझी असायची तशी, हँडलकडे झुकलेली. त्यात रस्ता नव्हता. त्यात कॅरियर होतं. कॅरियरची डावी कड आणि त्यावर टेकवलेला त्याचा दुसरा हात, नखांतल्या काळ्या ग्रीससकट. "पीछे बैठी सवारी दिखती है," तो म्हणाला. "किसको देखते थे आपके अब्बा?"

मी सीटवरून उतरले नाही. त्याने दोनदा विचारलं, पाणी देऊ का. कॅरियरवर दुसरं कोणीच बसायचं नाही बाबा. पाय डावीकडे सोडून मी बसायचे.

तुझी दिवसपाळी असेल त्या आठवड्यात मी तुझ्या सायकलवरून शाळेत जायचे. तू मला शाळेपाशी उतरवून निजामपुऱ्यात लूमवर, कापडाच्या मागावर, जायचास. तो आरसा कुठल्याशा मोडीत निघालेल्या स्कूटरचा, गोल, दांडी वाकवून बसवलेला. मी चौथी-पाचवीत असताना आला. पाऊण तासाचा रस्ता आणि मी पाऊण तास बोलते आहे. बाईंनी कोणाला उभं केलं, कोणाच्या डब्यात काय होतं, खाडीत किती बगळे. तू आरशात बघतोस आणि म्हणतोस, "मंग?" मी पुढचं सांगते. तू हसतोस. तू एकदाही 'काय?' म्हणून परत विचारत नाहीस. माझ्या मैत्रिणींचे वडील दोनदा विचारायचे, तू नाही. मला वाटायचं, माझ्या बापाइतकं कोणी ऐकून घेत नाही.

आठवीत वर्गातल्या मुलींनी तो आरसा पकडला. "हिचे बाबा नवरीसारखे तोंड बघत सायकल चालवतात!" एकीने तर मधल्या सुट्टीत दप्तराच्या बक्कलात बघत, भांग पाडत तुझी नक्कल केली आणि सगळा व्हरांडा हसला. मी पण हसले. मग एका रविवारी तू बाजारात चालत गेला होतास, सायकल दारात होती, आणि मी पाना घेऊन आरसा काढला. टाकला नाही. उजव्या बाजूला बसवला, स्कूटरला असतो तसा, काच रस्त्याकडे करून. तू आलास, सायकलभोवती एक फेरी मारलीस, काचेला बोट लावलंस. म्हणालास, "बरा केलास गो." बस.

सोमवारपासून तू माझ्याशी सायकलवर बोललाच नाहीस. मी दोन दिवस नेहमीसारखी बडबडले. तुझं "मंग?" आलं नाही. मी एक विचारलं तर तू भलतंच उत्तर दिलंस, एकदा नुसती मान हलवलीस. मला कळलं की तुझ्या वस्तूला हात लावला म्हणून तू रागावलास आणि तोंडाने मात्र बरा केलास म्हणालास. मग मी पण बोलायचं थांबवलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी दोन दिवस थांबवलं की ते दोन वर्षं चालतं. दहावीपर्यंत आपण त्या रस्त्याने मुक्याने गेलो. घरी तू बोलायचास, समोर बसून, नीट. त्यामुळे राग फक्त सायकलीपुरता आहे असं मी समजले.

आणि मग ती सकाळ. दहावीचा निकाल लागला होता, दाखला आणायला तू मला शाळेत नेत होतास. खाडीवरून वारा येत होता. मी दोन वर्षांत पहिल्यांदा त्या कॅरियरवरून तोंड उघडलं. म्हटलं, "बाबा, मला मुंबईला शिकायचंय. बाई म्हणाल्या, मुलींचं वसतिगृह मिळेल. जाऊ?" तू पेडल मारत राहिलास. निजामपुऱ्याच्या वळणापर्यंत मी वाट बघितली. तो नकार होता. मी पुन्हा कधी विचारलं नाही, बाईंना सांगितलं, बाबा नको म्हणतात. इथल्याच कॉलेजात गेले, पुढे इथल्याच पेपरात. वाईट काही झालं नाही. पण नकार तो नकार.

तू गेल्यावर दहा वर्षांनी पुरवणीसाठी वडिलांवर लेख मागितला होता, संध्याकाळपर्यंत हवा होता. मी तासाभरात लिहिला. त्यात हीच सकाळ होती. "मी विचारलं. त्यांनी मान वळवली नाही. लूमवरच्या माणसाला मुलीच्या स्वप्नांचा आवाज ऐकू येत नसावा." हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलं. पत्रं आली. एका शाळेने ते फळ्यावर लिहिलं. मला त्याचा अभिमान होता बाबा. आवाज ऐकू येत नसावा, हे मी अलंकार म्हणून लिहिलं होतं.

शनिवारी दुकानातून मी सायकल हातात धरून घरी चालत आले. आई पडवीत भिजवलेले वाल सोलत होती. डोळे गेले तरी तिची बोटं वाल सोलतात. मी विचारलं, बाबांचा आरसा डावीकडे का होता? ती म्हणाली, "तुजा तोंड दिसायला."

"माझं तोंड कशाला?"

तिची बोटं थांबली. "तुला म्हाईत नव्हता? अगो, लूमवर धा वरसं काढल्यावर कान ऱ्हातान का? दिवसभर खडखडखडखड. तिथं समदे तोंडाकडं बघूनच बोलायचे. ओठ हालले का समजायचे. तो तसाच घरी पण." मग ती हसली. ती हसेल असं मला वाटलंच नव्हतं. "लगीन झाल्यावर वरीसभर मला वाटायचा, नवरा सारखा माज्या तोंडाकडं बघतंय, म्हंजे मी लय चांगली दिसतंय. मंग एकदा चुलीकडं तोंड करून बोलली, तर ह्याला काय पत्ताच न्हाय!"

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तोच नको बोलला. बोलला, पोरीला कळला का बापाला ऐकू येत न्हाय, तर पोर बोलायची थांबंल."

मग ती आणखी म्हणाली, आणि हे तिने सहज सांगितलं, वाल सोलता सोलता. मी आरसा हलवला त्या दिवशी तू नीट जेवला नाहीस. ती तुला म्हणाली, परत डावीकडं लाव, त्यात काय हाय. तर तू म्हणालास, "पोरीनं हौशीनं लावलाय. ऱ्हाऊ दे."

बाबा, मी तीस वर्षं माणसांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरं लिहून घेते आहे. आईला हा एक प्रश्न मी कधी विचारला नव्हता. आता एकेक आठवतं आहे. "तोंडातला घास गिळ, मंग बोल." मला वाटायचं, तू रीत शिकवतोस. "तोंडावरचा हात काढ." बोलताना ओठांत पेन्सिल धरली म्हणून एकदा ती तू ओढून घेतली होतीस, आणि मी रडले होते. जेवायला तू नेहमी दाराकडे पाठ करून बसायचास, उजेड आमच्या तोंडावर पडावा म्हणून. शाळेत बाई म्हणायच्या, हिचे उच्चार किती स्वच्छ आहेत, घरी कोणी शिकवलं? मी म्हणायचे, कोणी नाही.

रविवारी मी परत दुकानात गेले आणि आरसा उजवीकडे बसवून घेतला. मी सीटवर बसले, दुकानदार मागे वीस पावलांवर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "टोपी दिखी तो हाथ उठाओ!" त्याचं ओरडणं मला नीट ऐकू आलं नाही, पण आरशात टोपी दिसली आणि तिच्याखाली त्याचे ओठ. मी हात वर केला. त्याने परत येऊन पकड आवळली. मग माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाला, "लेफ्टवाला भी लगा दूँ? पैसे नहीं लूँगा." मी नको म्हटलं. माझ्या मागे कोणी बसत नाही. आज सकाळी त्याच रस्त्याने आले. मागून येणारा प्रत्येक कंटेनर मला दिसला, जितका जवळ होता तितकाच जवळ.

आमच्या धंद्यात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा असतो, आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरात. मी दुसऱ्यांच्या चुकांचे कितीतरी खुलासे लिहिले. हा मी लिहायला घेतला तो छापायला नाही. छापायचा म्हटला तर संपादकसाहेब विचारतील, इतक्या जुन्या लेखाचा आता कशाला, आणि मला त्यांना खरं सांगावं लागेल. आईने सांगितलं ते नव्हे. त्या लेखातच जे खोटं होतं ते, जे मला लिहितानाही माहीत होतं.

लेख चार ओळी जास्त होत होता. कापताना मी जे कापलं ते जागेसाठी कापलं असं मी स्वतःला सांगितलं, आणि उरलेलं जुळावं म्हणून एक वाक्य उलटं केलं. तू मान वळवली होतीस. वाऱ्यात काहीतरी झालं हे तुला कळलं असावं. तू इतका वळलास की सायकल डगमगली, माझा पाय जमिनीला घासला. तू माझ्या तोंडाकडे बघत विचारलंस, "काय गो? काय बोललीस?" आणि मी, एकदा विचारलेलं दुसऱ्यांदा विचारायचं नाही म्हणून, तोंड खाडीकडे फिरवून म्हटलं, काय न्हाय.