एक आवाज शिल्लक ठेव

अहमदी, कुवेत
ता. ४ ऑक्टोबर १९५३

ति. रबिया बुबूस,
धाकटा भाऊ कासम याचा बाद सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खोकला कमी आहे आणि शेजारच्या फातिमाशी भांडण परत सुरू झालं आहे हे वाचून तब्येत खरंच सुधारल्याची खात्री पटली.

मी इकडे खुशाल आहे, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होतो. आमचा बार्लोसाहेब रजा संपवून विलायतेहून आला आणि एका पेटीत दोन जनावरं घेऊन आला. त्यांना फेरेट म्हणतात. आपलं मुंगूस धोब्याकडे टाकलं आणि त्याने ते जास्तच उकळलं तर दिसेल तसं. डोळे लाल, आणि वास असा की आचारी अब्बास स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद करून आत घामाघूम होतो, पण उघडत नाही.

साहेबाच्या मुलखात हे जनावर सशाच्या बिळात सोडतात आणि बिळांच्या तोंडांना जाळी लावतात. कुत्रा वर उभा राहून ससा कोणत्या बिळात आहे ते पाय उचलून दाखवतो. सगळं काम गुपचूप. वर भुंकाभुंकी झाली तर ससा बाहेर येतच नाही, फेरेट त्याला आतच खाऊन झोपतं आणि साहेबलोक वर उन्हात बसून राहतात. आता साहेबाला कोणी सांगावं की इथला ससा बिळात राहतच नाही? तो झुडपाखाली उघड्यावर बसतो, आपल्याकडच्यासारखाच. ज्या बदूने, म्हणजे वाळवंटात तंबूत राहणाऱ्या अरबाने, जहरा गावी साहेबाला एक कुत्री विकली तो हे ऐकून एवढा हसला की उंटाला धरून उभा राहिला. साहेब म्हणाला, अडाणी लोकांना शिकारीतलं शास्त्र कळत नाही. वाळवंटात घोरपडीसारख्या काटेरी शेपटीच्या जनावरांची बिळं आहेत, ती सगळी त्याने सशांच्या नावावर करून टाकली आहेत.

असो. साहेबाने विचारलं, कुत्री शिकवायची माहिती कोणाला आहे? ऑफिसात चहा फिरवून मी कंटाळलो होतो. मी पुढे होऊन सांगितलं की मी बाणकोटच्या हारून शिकाऱ्याचा मुलगा, आमच्या घरचं कुत्रं शिकारीत कधी भुंकलं नाही. बुबू, यात खोटं काही नाही. फक्त ती कुत्री अब्बांनी नाही, मी तर नाहीच नाही, तू शिकवलीस, एवढंच सांगायचं राहिलं.

आता संकट ऐक. जानेवारीत शिकार बघायला पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी कुत्रीने तोंडातून आवाज काढला तर साहेब तिला गोळी घालणार. ही नुसती धमकी नव्हे. मागच्या वर्षी एका विलायती कुत्र्याला घातली, खड्डा मी खणला. ही कुत्री तर फेरेट दिसलं की कंपाउंड डोक्यावर घेते. चूप चूप म्हणून ओरडून माझा घसा बसला. तिचं नाव रीम. साहेब डचेस म्हणतो, ती ढुंकून बघत नाही, तेवढ्यापुरती ती मला आवडते.

काहीतरी उपाय लिही. लोभ तुझा आहेच, सोबत थोडी अक्कल पाठव.
तुझा कासम


बाणकोट
ता. २२ ऑक्टोबर १९५३

चि. कासम यास,
रबियाचा सलाम आणि दुवा.

पत्र वाचून आधी हसले, मग खोकले, मग तुझी लाज वाटली. अब्बांचा काळू नुसता जवळ आला तर तू रातांब्याच्या झाडावर चढून बसायचास आणि पँट ओली करून खाली यायचास, आणि आता कुत्र्यांचा उस्ताद झालास! तुझ्या साहेबाबद्दल काय लिहावं? सात समुद्र ओलांडून यायचं आणि तिथल्या सशाला राहायचं कुठे ते शिकवायचं. असली माणसं आपल्यावर दीडशे वर्षं राज्य करून गेली, याचंच मला नवल वाटतं.

तू चूप चूप ओरडतोस ना? मूर्खा, कुत्रीला वाटतं तूही तिच्याबरोबर भुंकतो आहेस. तिला जोडीदार मिळाला म्हणून ती आणखी जोरात भुंकते. पहिली गोष्ट, तू गप्प बस. हे तुला जमणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहिते. दुसरी, त्या गोऱ्या मुंगसाचा पिंजरा तिच्या जागेशेजारी ठेव आणि तिचं खाणं रोज त्या पिंजऱ्यापाशीच दे. मुंगसाच्या अंथरुणातलं फडकं तिच्या अंथरुणात घाल, तिचं त्याच्यात. भुंकली तर खाणं उचलून निघून जा. रागावू नकोस, बघूही नकोस. गप्प झाली की परत ये. कुत्रं भीतीने भुंकतं नाहीतर हावरेपणाने. दोन्ही गेली की आवाज आपोआप जातो.

आणि ती चाटते का तुला? चाटत असणार. आपण शाफई पंथाचे आहोत हे कुवेतला जाऊन विसरला नसशील तर हात सात वेळा धू, त्यातला एकदा मातीने. तिकडची वाळू चालते का म्हणून मौलवींना विचारलं, ते म्हणाले धूळ असली तर चालते. मौलवींना काय, त्यांनी कधी कुत्र्याला हात लावलाय? मी त्यांच्या भरवशावर राहणार नाही. बोटीवर खलाशी आहे तो अशरफ पुढच्या फेरीला येईल, त्याच्याकडे अंगणातल्या तांबड्या मातीची पिशवी दिली आहे. तीच वापर.

कळावे. लोभ नसता तर एवढं लिहिलं नसतं.
रबिया


अहमदी
ता. २९ नोव्हेंबर १९५३

ति. रबिया बुबूस,
बाद सलाम वि. वि.

माती पोचली. कस्टमवाल्याने पिशवी उघडली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि अशरफकडे वेड्याकडे बघतात तसं बघितलं. अशरफने सांगितलं की आमच्याकडे साबण असाच असतो. अब्बास माझी थट्टा करतो, म्हणतो इथले बदू असल्या शिकारी कुत्रीला तंबूत पोरांजवळ झोपवतात आणि तू मुरुड-बाणकोटची माती मागवतोस. त्याला म्हटलं, तू तुझे कांदे चीर.

तुझं सांगणं अक्षरशः पाळलं. पंचवीस दिवस कुत्रीसमोर तोंड उघडलं नाही. ऑफिसात गवगवा झाला की कासमने नवस केला आहे. साहेबाला वाटलं मी आजारी आहे, त्याने डॉक्टरकडे धाडलं, डॉक्टरने जीभ बघितली. पहिले दहा दिवस रीमने भुंकून पिंजरा हलवला. अकराव्या दिवशी ती खाणं संपवून तिथेच बसली. विसाव्याला जाळीला नाक लावून झोपली, पलीकडून फेरेटही नाक लावून. आता फेरेट तिच्या पायांमधून फिरतं आणि ती नुसती बघते. साहेब माझ्यासमोर तिला तोंडाची पट्टी बांधायला निघाला होता, म्हणजे विलायतेत शास्त्र म्हणतात ते हे! तिला गरजच नाही बघून पट्टी खिशात घातली, आणि सगळ्यांना सांगत सुटला की त्यानेच शिकवलं.

काल तर कमाल झाली. तिच्या पंजात बाभळीचा काटा मोडला, बोटभर आत. मी तो सुईने काढला, रक्त आलं, पण आवाज? अजिबात नाही. बघत राहिली माझ्याकडे. कशी शिकवली मी, सांग!

लोभ वाढला असेल अशी आशा करतो.
तुझा उस्ताद कासम


बाणकोट
ता. १६ डिसेंबर १९५३

चि. कासम यास,
सलाम आणि दुवा.

उस्ताद म्हणे! थांब जरा. काट्याचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

लाली तुला आठवणार नाही, तू तेव्हा पाळण्यात होतास. तिच्याएवढं गप्प कुत्रं मी दुसरं तयार केलं नाही. साळिंदराचा काटा घुसला तरी हूं की चूं करायची नाही. अब्बा गावभर सांगत फिरायचे, आणि मी फुशारून जायचे, तू आज फुशारलास तशी. मग माझं लग्न झालं, खाडीपलीकडे दिलं. सासरी मला कुत्रीवाली म्हणायचे. ताटाला हात लावला तरी सासू ते मातीने घासायची. चौथ्या दिवशी लाली खाडी पोहून आली आणि दारासमोर बसली. सासूने माझ्या हातात दगड दिला. सगळं घर बघत होतं. मी मारला. चुकवून मारायचं मनात होतं, पण लागला.

ती ओरडली नाही. उठून गेली. मला वाटलं घरी गेली. तिसऱ्या दिवशी लाकडांच्या खोपीमागे सापडली, पाय मोडलेला. माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर. एकदा जरी आवाज दिला असता तर सासू गेली चुलीत, मी धावले असते. तिने दिला नाही. मीच शिकवलं होतं ना! त्यानंतर मी म्हटलं, माझ्या दारात पुन्हा कुत्रं येणार नाही. पुढे माहेरी परत आले तरी तो शब्द मोडला नाही, बत्तीस वर्षं झाली. लोक म्हणतात रबियाला कुत्र्याची किळस आहे. म्हणू देत, लोकांना तेवढंच कळतं.

म्हणून सांगते ते कर. तिला एक आवाज शिल्लक ठेव. घशातल्या घशात, हलकासा. तिला लाकडी पेटीत बसव, झाकण लाव. अस्वस्थ होऊन घशातून हूं करेल, त्याच क्षणी उघड आणि जवळ घे. तो आवाज कोणाच्या तरी जिवावर बेतलं तरच काढायचा आणि काढला की कोणीतरी येतं, एवढं तिला कळलं पाहिजे. साहेब गोळी घालेल म्हणशील. मला ठाऊक आहे. तरीही शिकव.

हात सात वेळा धुतोस ना?
रबिया


जहरा
ता. १८ जानेवारी १९५४

ति. रबिया बुबूस,
बाद सलाम वि. वि.

वरचा पत्ता बघून तुझ्या लक्षात आलं असेल. आता मी अहमदीला नाही.

शिकार रविवारी झाली. सहा मोटारी, अकरा पाहुणे, खुर्च्या, छत्र्या, बर्फ. साहेबाने बिळांना जाळी लावली आणि एक फेरेट आत सोडलं. रीम वर पाय उचलून उभी, श्वासही ऐकू येईना. तासभर काही झालं नाही. होणार काय, कपाळ! मग मडमांच्या खुर्च्यांमागच्या झुडपातून एक दणदणीत ससा उठला आणि सगळ्यांच्या मधून पळून गेला. साहेबाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बिळातून आला नव्हता, म्हणजे त्याच्या हिशेबी तो ससाच नव्हता. रीमही जागची हलली नाही, आपण तिला तसंच शिकवलं.

फेरेट मात्र बाहेर येईना. साहेब हाका मारत बसला, सगळे चहाला गेले. तेवढ्यात रीम दहा पावलं चालून भलत्याच जागी गेली, तिथे बीळही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तुझ्या सांगण्यावरून पेटीत शिकवलेला तो घशातला आवाज दिला. एकदाच. हलका होता, पण तिथल्या शांततेत अकरा पाहुण्यांना ऐकू गेला. मी हातांनी वाळू उपसली. आतून बीळ ढासळलं होतं. फेरेट निघालं, अर्धमेलं, पण जिवंत. मी ते साहेबाच्या हातात दिलं. त्याने ते एका मडमेकडे दिलं आणि बंदूक मागितली. म्हणाला, बोललो ते बोललो.

मग मी बोललो, बुबू. तीन महिने साठलं होतं ते सगळं, अर्धं हिंदीत, अर्धं आपल्या बोलीत. म्हटलं, ही कुत्री माझ्या बहिणीने शिकवली, समुद्रापलीकडे बसून, कुत्रीचं तोंड न बघता. तुझ्या सगळ्या मुलखाच्या शास्त्राला जमलं नाही ते तिने चार पत्रांत केलं. आणि मी रीमच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. पाहुण्यांसमोर त्याला चहावाल्याला गोळी घालता येईना. संध्याकाळच्या आत कुत्रीसकट चालता हो म्हणाला. झालो.

आता त्या बदूच्या तंबूत आहे. तो रीम परत घेत नाही. म्हणतो, ससा समोरून गेला तरी ही जमिनीतल्या भोकाकडे बघत बसते, हिचा आता उपयोग काय? आपण तिला दोन्हीकडून घालवली. अशरफची बोट येत्या महिन्यात इकडे येऊन परत सुटते. डेकवर बकऱ्या जातात तशी तिला नेता येईल असं तो म्हणतो. घर तुझं आहे, आणि तू दारात कुत्रं येऊ देणार नाहीस हे मला कळतं, आता तर जास्तच कळतं. नको म्हणालीस तर तिला इथे सोडून येईन. तिला सोडलं तर ती मागून ओरडणार नाही. त्याचीच भीती वाटते.

उत्तर अशरफच्या हाती दे.
कासम


बाणकोट
ता. ५ फेब्रुवारी १९५४

चि. कासम यास,
सलाम आणि दुवा.

चार नाही, दोन पत्रांत शिकवली. तिसरं हे आहे. गणितही विसरलास.

नोकरी गेली म्हणून रडू नकोस. चहा फिरवायला कुवेतला गेला होतास, तो इथे फातिमाच्या पडवीतही फिरवता येतो आणि तिथे साहेब नसतो. त्या बार्लोबद्दल मला एकच कळलं नाही, त्याचंच जनावर वाचलं आणि वाचवणारीला तो गोळी घालायला निघाला. अशा माणसाशी तू पाच वर्षं अदबीने वागलास, याबद्दल तुला अंगणात उभा करून बोलणार आहे, तयार राहा.

कुत्री घरात येणार नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, चुलीकडे फिरकायचं नाही, माझ्या भांड्याला तोंड लावायचं नाही. ओटीवर पोतं अंथरलं आहे. फातिमाने विचारलं कोणासाठी, तिला म्हटलं तुझ्यासाठी. मौलवी काही बोलले तर माझ्याकडे पाठव. बोटीवर तिला ऊन लागू देऊ नकोस आणि बकऱ्यांच्या जवळ बांधू नकोस.

उरलेली माती परत आणायच्या भानगडीत पडू नकोस. सात वेळा हात धुवायला इथे अंगणभर माती आहे. मलाही लागणारच आहे.

धक्क्यावरून चालत या. मला आताशा कमी ऐकू येतं आणि पावलं मुळीच कळत नाहीत. म्हणून दाराशी आलात की तू तोंड बंद ठेव आणि तिला आवाज देऊ दे. मी येते धावत.

रबिया