जुलैच्या पानावर

प्रिय लव्हडे,

तुझ्या चित्रांची कॅलेंडरं पोचली. दरवर्षीप्रमाणे चॅपलच्या हॉलमध्ये सगळे जमलो होतो आणि खोका उघडायचा मान पोस्टातल्या पेडरने स्वतःकडेच घेतला, कारण यंदा तू त्याचं काय केलंयस हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. त्याला बेडूक केलंयस. एप्रिलच्या पानावर, डबक्याच्या काठी, पोट सुटलेला, डोक्यावर पोस्टमनची टोपी. आधी गाल फुगवून बसला, त्यामुळे तर हुबेहूब दिसायला लागला. मग दोन प्रती घेतल्या, एक बहिणीला पाठवायला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं.

तू कशी आहेस? तुझी भाची वेना सांगते की ट्रुरोला तुझी खोली छान उजेडाची आहे, सकाळी तू अगदी पहिल्यासारखी असतेस आणि दुपारनंतर जरा गोंधळतेस. म्हणून हे पत्र तुला सकाळीच द्यायला मी तिला सांगितलंय. इथलं तुझं घर मी अधूनमधून उघडून हवेशीर करते. रंगांचा आणि टर्पेंटाइनचा वास अजून गेला नाही. मीही तो घालवायच्या मागे लागलेले नाही.

यंदाची परीजत्रा तुझ्याविना झाली. गर्दी मात्र होती. लंडन-ब्रिस्टलहून गाड्या भरभरून आल्या, चांगल्या पन्नाशीच्या बायका पाठीला पंख लावून, गालांना हिरवा रंग फासून माझ्या टी-रूमपुढे रांगेत उभ्या. पाठ असलेल्या खुर्च्यांत पंख मावत नाहीत, म्हणून मी त्या आठवड्यापुरती स्टुलं मांडते, तुला माहीतच आहे. एकीचे पंख दारात अडकले, तर म्हणते कशी, "तुमच्या इथल्या पऱ्यांना माझा हेवा वाटतोय." मी म्हटलं, "बाई, इथल्या पऱ्यांना पंख नसतातच. आत या, नाहीतर स्कोन थंड होतील." डेन्झिल मोरीत भांडी घासता घासता इतका हसला की कपाचा कान मोडला. माझा नवरा कशावर हसेल आणि कशावर गप्प बसेल, हे मला इतक्या वर्षांतही सांगता येत नाही.

पण मी म्हटलं ते खरंच होतं. आमच्या सासूबाईंच्या गोष्टींतल्या छोट्या माणसांना कुठे पंख होते? त्या सांगायच्या ते तू माझ्याच स्वयंपाकघरात बसून ऐकलंस, केशरी बन चहात बुडवत. छोटी माणसं म्हणजे आपल्यातलीच गेलेली माणसं. स्वर्गात जागा मिळाली नाही, नरकात टाकण्याइतकी वाईट नव्हती, म्हणून इथेच माळावर राहिली. दरवर्षी ती थोडी थोडी लहान होत जातात, शेवटी मुंगीएवढी होतात आणि मग दिसेनाशी होतात. म्हणून आपल्याकडे वारुळावर कुणी उकळतं पाणी ओतत नाही. मी तेव्हा सासूबाईंना हसायचे. आता उन्हाळ्यात ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की साखरेचा डबा उचलून दुसरीकडे ठेवते. डेन्झिलने एकदा मुंग्यांची पावडर आणली, तेव्हा मी ती पुडी त्याच्या अंगावर भिरकावली होती. त्याने कारण विचारलं नाही. मुकाट्याने जमीन पुसली.

तुला आठवत असेलच, पण तरी लिहिते. परीकथेच्या चित्रांसाठी चेहरे आणायचे कुठून, असा प्रश्न तुला कधी पडला नाही. तू ते गावातूनच उचललेस. डेन्झिल खडबडीत पाठीचा भेक-बेडूक झाला, खाटीकमामा खाणीतला बुटका झाले, मी स्वतः तीन वर्षं चेटकीण होते आणि तेव्हा दुखावलेही होते. टेगन सहा वर्षांची असताना तू तिला पहिल्यांदा पंख लावलेस, तारेचे आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाचे. माझी पोर एरवी दोन मिनिटं एका जागी बसायची नाही, पण तुझ्या खिडकीपाशी अर्धा अर्धा तास पुतळ्यासारखी बसायची. घरी येऊन बापाला सांगायची, "बाबा, लव्हडेमावशी म्हणते मी हलले तर परी उडून जाते." बघता बघता ती कार्डांवर आली, कपांवर आली, पेनझान्सच्या दुकानांत जिगसॉच्या खोक्यांवर आली. आम्ही दोघं शेफारून गेलो होतो अगदी.

मग तो मे महिना. ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. आठ वर्षांची होती. या मे महिन्यात अकरा वर्षं झाली.

तेव्हा पुढच्या वर्षीचं कॅलेंडर छापायला जायचं होतं. तू माझ्या दारात आलीस, आत यायला तयार होईनास. म्हणालीस, "ऑनर, तिची चित्रं काढून घेऊ का गं?" मी म्हटलं, राहू देत. आपण दोघी त्यावर जे बोललो ते एवढंच. त्याच्या पुढच्या वर्षी मला वाटलं होतं, ती नसेल. पण होती. फॉक्सग्लव्हच्या झाडाखाली, माझ्या तळहाताएवढी. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या एका फुलात, अंगठ्याएवढी. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं तू काय करते आहेस ते. तू कधी ताकास तूर लागू दिली नाहीस आणि मीही विचारलं नाही. हॉलमध्ये सगळे आपापली तोंडं शोधत हसत असायचे आणि मी घरी येऊन, दार लावून, तिला शोधत बसायचे. वाटाण्याएवढी. मिरीएवढी. गेल्या साली ऑक्टोबरच्या पानावर एका ब्लॅकबेरीवर होती, मोहरीच्या दाण्याएवढी. डेन्झिलचं गळ बांधायचं भिंग लावल्यावर दिसली. चेहरा कसला, नुसता एक ठिपका, पण तिचाच. त्या परीला दुसरा चेहरा तुझ्या हातून येतच नव्हता.

डेन्झिलने यातलं एकही कॅलेंडर उघडून पाहिलं नाही. हॉलमध्ये यायचा, चहा घ्यायचा, खुर्च्या उचलून ठेवायचा. घरात तिचं नाव निघेनासं झालं. मी विषय काढला की त्याला होडीवर काहीतरी काम आठवायचं. मला त्याचा फार राग यायचा, लव्हडे, अजूनही येतो. दुःख दोघांचं, आणि शोधायचं मात्र मी एकटीने.

यंदा ती दिसणार नाही, हे मी वर्षभर मनाला बजावत होते. मोहरीनंतर काय उरतं? कधी जुनी कॅलेंडरं काढून बसायचे, आणि कधी, खोटं कशाला बोलू, वाटायचं की बरंच होईल, एकदाचं संपेल, मला भिंग खाली ठेवता येईल. म्हणून यंदा मी कॅलेंडर तिथेच, सगळ्यांच्यात उघडलं. पेडरचा बेडूक बघून हसले. मे बघितला, जून बघितला. तेवढ्यात हॉल एकदम शांत झाला. ज्याने त्याने जुलै उघडला होता.

अख्ख्या पानभर टेगन. पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्याला पट्टी, एक पंख जरा खाली घसरलेला, आणि ती बघणाऱ्याकडे बघून हसतेय. फुलात नाही, पानाआड नाही. ती होती तेवढी, होती तशी. खाटीकमामांनी टोपी काढली. शेवटी म्हातारी मिसेस ट्रेम्बाथ म्हणाली, "पोरगी परत आली गं." तिला कुणीतरी गप्प केलं. मला तिचा राग आला नाही, कारण मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

वेनाला बिचारीला टेगनबद्दल काही माहीत नव्हतं, टेगन गेली तेव्हा ती ब्रिस्टलला होती. फोनवर म्हणाली, "आत्याने ते चित्र एका बैठकीत काढलं, कुठे अडली नाही." नंतर मी खरं काय ते सांगितल्यावर ती फोनवरच रडायला लागली.

डेन्झिलने त्या दिवशी खुर्च्या उचलल्या नाहीत. एक प्रत घेतली आणि सरळ घरी आला. मी पोचले तेव्हा त्याने ती स्वयंपाकघरात टांगली होती. बाहेर नोव्हेंबरचा वारा घोंघावतोय आणि आमच्याकडे जुलै. तो तिथे उभा होता. म्हणाला, "ही पट्टी मी लावली होती. दगडी कुंपणावरून पडली होती ती. तुला सांगू नको म्हणाली." अकरा वर्षांत तो तिच्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. मग थांबेचना. आम्ही स्टोव्हपाशी बसून राहिलो आणि मला माझ्याच मुलीच्या कितीतरी गोष्टी नव्याने कळल्या.

आणि दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं. "ऑनर, टेगनला गुरुवारी शाळा सुटल्यावर पाठव. नवे पंख केलेत. बरेच गुरुवार आली नाही, माझ्यावर रागावलीय का?" वेना म्हणाली, "शाळेची सहल आहे असं काहीतरी लिहून टाका, ती विसरेल." तेच लिहायला मी बसले होते, पण जमलं नाही. इथे सगळ्यांचं रडून झालंय, लव्हडे. मला वाटलं, जगात एक तरी माणूस असावं ज्याला ते आज कळेल आणि जे माझ्याबरोबर आज रडेल. हा माझा स्वार्थच, पण तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. टेगन गेली. ती तुझ्यावर रागावलेली नाही, कधीच नव्हती. तू हे सकाळी वाचशील, रडशील, आणि दुपारी विसरून पुन्हा तिची वाट बघत बसशील. तर गुरुवारी शाळा सुटायच्या वेळेला मीच येते. खिडकीपाशी बसेन, नवे पंख लावायचे असतील तर मलाच लाव. तिची हनुवटी माझ्यावर गेली होती असं लोक म्हणतात. माझ्यात तुला ती दिसली, तर तिलाच काढ. कितीही वेळ लागू दे, मी हलणार नाही.

तुझीच,
ऑनर