आजोबांची गाडी सुरू का होत नाही

चिरंजीव नातवाला आजीचा आशीर्वाद. कोणती आजी, असं तू विचारशील म्हणून आधीच सांगते: तुझ्या आईची आई, जिच्या मांडीवर बसून तू तिचाच चष्मा मोडलास. ओळख पटली असेल तर पुढे वाच. तुझी तब्येत बरी असेलच. फोन न उचलणाऱ्यांची बरीच असते. पत्र तुझी मामी लिहितेय, मी सांगतेय. (मामी म्हणते, एवढं टोचून बोलू नका. तू लिही गं.)

इकडे सगळं ठीक आहे, आजोबांचे डोळे सोडले तर. डॉक्टर म्हणाले, समोरचं मधलं गेलं ते गेलं, आता कडेकडेचं दिसेल तेवढं दिसेल. त्यामुळे हल्ली माझा चेहरा बघायचा तर ते माझ्या कानाकडे बघतात. लग्नापासून त्या कानाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. तर डॉक्टरांचं हे सगळं ऐकून आम्ही घरी आलो ते गाडीनेच, आणि चालवत कोण होतं हे तुला सांगायला नको. गल्लीच्या तोंडाशी दूधवाला आडवा आला. सायकल वाकली, दूधवाला उडी मारून वाचला, दूध गटारात गेलं आणि आजोबा म्हणाले, रस्त्याला खड्डे फार झालेत. दूधवाल्याचा चेहरा मी पाहिला, त्यांनी नाही. तेव्हापासून मला दूध गिळवत नाही.

गाडी सोडा म्हणून सांगून पाहिलं. पण माझ्या सांगण्यावरून ते बनियनसुद्धा बदलत नाहीत. तेव्हा माणसाचा नाद सोडून मी गाडीकडे वळले. मला अक्षर ओळखता येत नाही, पण जन्मभर बॉनेटपाशी टॉर्च धरून उभी राहिलेय. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज कोणता, ते रंगावरून कळतं. तो काढला आणि तिथे त्याच रंगाचा जळका लावला. (जळके फ्यूज ते टाकत नाहीत, फुटक्या कपात जमवतात. पहिल्यांदाच कामाला आले.) चांगला फ्यूज बिस्किटांच्या डब्यात आहे, माझ्या नेहमीच्या लपवायच्या जागी.

झालं, गाडी बंद आणि आजोबांना काम मिळालं. आता फ्यूज बघायचे तर बघणार कोण? मीच. “तार तुटलीय का कुठली?” “नाही.” मग त्यांनी प्लग घासले, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुतला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, गळका पाइप बदलला, सगळं हाताने चाचपून. मेकॅनिक बोलवायचा नाही, कारण तो गाडीला हात लावतो. ही गाडी इतकी निरोगी कधीच नव्हती; घरात आता तेवढीच धडधाकट आहे. एवढासा तुकडा बसवला की उडी मारून निघेल, आणि समोर शाळा सुटलेली असेल, या विचाराने माझा डोळा लागत नाही.

(थांब, ते पाणी प्यायला आलेत. लिही, हवा छान आहे. अजून छान आहे. गेले.)

परवा नवा पंपही बसवला. तोही गप्पच म्हटल्यावर चाकाशी खाली बसले आणि म्हणाले, “माझ्या हातातलंही गेलं वाटतं.” मी टॉर्च विझवला. त्यांच्या हाताचं काहीच चुकलं नव्हतं रे. तेवढंच मला सांगता येईना.

बाकी क्षेम.

ता. क. खरं काम असं: ये आणि गाडी माग. तुझी बंद पडलीय, कामावर जायचे हाल होतात, असं सांग. ते चालवणं सोडणार नाहीत, पण नातवाला नाही म्हणणार नाहीत. चेहरा बापुडा करू नकोस, फुकट जाईल, आवाज कर.

आणखी एक ता. क. शंका आली की शेजारचा फ्यूज काढून तिथे लावून बघायचा, ही त्यांची पहिली युक्ती, तुलाही शिकवलीय. काल त्यांनी स्वतः फ्यूजच्या पेटीत हात घातला. अंगठा नेमका त्या जळक्यावर थांबला. “हा बरा आहे ना गं?” मी म्हटलं, “बरा आहे.” बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “तर मग राहू दे.” आज सकाळपासून गाडी पुसतायत. किल्ली लावली नाही. चहाबरोबर बिस्किटही मागितलं नाही. तेव्हा तू येशील तेव्हा ये, पण बिस्किटं आधी पाठव, मऊ बघून, आणि कागदात बांधून. आमचा डबा आता आम्ही दोघंही उघडत नाही.