सगळे परत आले

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! बंदराच्या संग्रहालयासाठी युद्धातल्या एका गस्ती बोटीचा इतिहास लिहायचा आणि दोरखंडांच्या दुकानावरच्या खोलीत राहायचं. जिन्यात डांबराचा वास, खिडकीतून थेट गोदी. घरमालकीणबाई इतक्या बोलक्या, की चहा निवेपर्यंत मला निम्म्या गावाची दुखणी पाठ झाली. त्यांचे वडील याच बोटीवर इंजिनवाले होते. आईला फोन केला. म्हणाली, बोटीवर चढताना कठडा धरत जा. पोरीचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे तिला कोण सांगणार!

५ नोव्हेंबर
बोट एवढीशी आहे! लाकडी, राखाडी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. पुढे एक तोफ, मागे पाणबुड्यांवर टाकायच्या बॉम्बची रिकामी चौकट. हिच्यात आठ माणसं हिवाळाभर गस्त घालायची. झोपायच्या फळ्या इतक्या अरुंद, की कूस बदलायलाही शेजाऱ्याची परवानगी लागत असेल. शेवटच्या गस्तीत हिने शत्रूची पाणबुडी बंदरापासून हुसकून लावली. बंदर अधिकाऱ्यांनी फलकाचा मथळाही ठरवून टाकलाय : सगळे परत आले. मी म्हटलं, आधी इतिहास लिहू द्या, मग मथळा. त्यांना ते काही रुचलं नाही.

७ नोव्हेंबर
काहीतरी लपवताहेत. तोफवाल्याचा मुलगा, सुकाणूवाल्याची सून, घरमालकीणबाई, सगळे फलकावरचंच वाक्य म्हणतात, पढवल्यासारखं. वायरलेस कोण सांभाळायचं, असं विचारलं तर उत्तर एकच : असेल कोणीतरी. आठांतला एक, आणि असेल कोणीतरी?

कचेरीत दोन फोटो आहेत. निघतानाच्या फोटोत गळ्यात हेडफोन अडकवलेला एक पोरगेला मुलगा इंजिनवाल्याच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. परतल्यावरच्या फोटोतही माणसं आठच, पण तो मुलगा नाही. त्याच्या जागी पन्नाशीचा एक माणूस, केस ओले. हा कोण? घरमालकीणबाई म्हणाल्या, आमचे काका. तोफवाल्याचा मुलगा म्हणाला, आमचा मामा. सुकाणूवाल्याची सून म्हणाली, सासऱ्यांचे मेहुणे. एकच माणूस सगळ्यांचाच पाहुणा कसा? त्या मुलाला कोणीतरी मारलं आणि सगळ्या गावाने ते पचवलं, असा माझा दाट संशय आहे.

१० नोव्हेंबर
दुपारी बोटीवर डबा खात बसले होते, तर एक पोक्त गृहस्थ आले. इंजिन कुठे तापायचं, पाणी कुठून शिरायचं, सगळं त्यांनी दाखवलं. बोलणं मऊ, ऐकत राहावं असं. माझ्या घरी कोण कोण, तेही विचारलं. मी सांगितलं, आई एकटीच असते. ते उद्या तिकडेच निघालेत म्हणे. मी पत्ता दिला. जाताना म्हणाले, “येतो.” मी म्हटलं, “या. आणि आईकडे नक्की जा हं, घर आपलंच समजा.”

समोरच्या खिडकीतून घरमालकीणबाईंनी त्यांना हाक मारली, “काका, जेवायला चला!” हे काका वेगळे असणार. फोटोतले आज शंभरीच्या पुढे असते.

ते बसले होते ती फळी मात्र ओली होती. बोट तर कोरड्यावर आहे.

१२ नोव्हेंबर
आठांपैकी जिवंत असलेला एकटाच, बोटीवरचा आचारी, वृद्धाश्रमात सापडला. खाटेवर उठून बसला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला : “बाई, तो तुमच्याशी बोलला का?”

मी बोटीवर आलेल्या त्या गृहस्थांचं वर्णन केलं. मग त्याने सांगितलं. पाणबुडी पळाल्यावर समुद्रात एक माणूस तरंगताना दिसला. गोठवणारं पाणी, पण गडी कुडकुडतसुद्धा नव्हता. वायरलेसवाल्या पोराने हात देऊन वर ओढला. घरदार विचारलं तर म्हणाला, मला कोणी नाही. पोरगं मायाळू. म्हणालं, “असं कसं? आमच्याकडे चला, घर आपलंच समजा.”

धक्क्यावर पोराची आई धावत आली आणि त्या माणसाच्या गळ्यात पडली. पोरगं शेजारी उभं राहून आई, आई करत होतं. ती त्याला म्हणाली, “जरा बाजूला होता का हो?”

संध्याकाळपर्यंत बाकीचेही पोराला विसरले. आचाऱ्याने त्याचं नाव रोज मोठ्याने म्हणून जपलं. आता तेही गेलं. फक्त हसणं आठवतं, म्हणाला.

पोराच्या घरातली माणसं सरली, तेव्हापासून तो घरं बदलतो. पण बोलावल्याशिवाय येत नाही.

परत आले. माझ्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने दोन मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. घरमालकीणबाई म्हणतात, मी एकुलती एक.

१३ नोव्हेंबर
आईला फोन — लागला. आवाज खुशीत होता. मी म्हटलं, आई, कोणी आलं तर दार उघडू नकोस. ती म्हणाली, “कोण बोलतंय? तुम्हाला कोण हवंय?”

तुम्हाला.

मागून कोणीतरी मऊ आवाजात काही विचारलं. ती म्हणाली, “काही नाही रे भाऊ, राँग नंबर.”

आईला भाऊ नाही. कधीच नव्हता —

निघतेय. जिन्यात घरमालकीणबाईंनी विचारलं, “खोली बघायला आलात का?”

१४ नोव्हेंबर
आईच्या दारात, पायरीवर बसून लिहितेय. तिने दार उघडलं. किती प्रेमाने पाहिलं — जसं कोणाही परक्याकडे पाहते. पाणी दिलं. म्हणाली, “दमलेल्या दिसता. बसा हं.”

आत तो माझ्या खुर्चीत. मला बघून मान हलवली. ओळखीची.

लिहून ठेवते, म्हणजे राहील. मी हिची मुलगी. थोरली — नाही, एकटीच. एकटीच ना? लहानपणी ताप आला की ही रात्रभर — आणि हाक मारायची, ती लाडाची —

दोन अक्षरी होती. शेवटी —

आतून ती जेवायला हाक मारतेय. माझंच नाव असणार, मला —