वळणावरची खर्रखर्र

सोमवार, संध्याकाळ

थकलो. गाडी वळवली की पुढच्या चाकातून खर्रखर्र. बेअरिंग बदललं, तरी खर्रखर्र तशीच. आज उस्मानपुऱ्यातल्या मिस्त्रीनं चाकामागं हात घातला अन् घोड्याची नाल काढली. "साब, तार ढीली हुई, टायर को घिस रई थी."

चिडूनच घरी आलो. आईला विचारलं.

"व्हय, मीच बांधून घेतली. खुलताबादच्या घाटात ब्रेक लागला नाय म्हणालास, तवापासून जीव थाऱ्यावर नाय माझा. फेकलीस का?"

"नाय, नीट घट्ट बांधून आणली," म्हणालो. तेव्हा कुठं ती जेवायला बसली.

नाल अजून माझ्या पिशवीतच आहे. उद्या परत मिस्त्रीकडं जाणं आलं.