वडील होण्याची माझी तयारी

ता. ६ जानेवारी १९५७, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: नम्रता. पाळकसाहेबांनी आज जाहीर केलं, आमच्या परळच्या मंडळीत वडिलांची एक जागा रिकामी आहे. पुढच्या महिन्यात निवड. चर्चच्या कारभारात वडिलांचा शब्द चालतो, पुढची खुर्चीही मिळते. मला खुर्चीचा मोह नाही. पण देवाने बोलावलं तर नाही म्हणणं उद्धटपणाचं. निळा सूट शिंप्याकडे टाकला.

ता. १३ जानेवारी, रविवार
नम्र माणूस मागच्या बाकावर बसतो. गेलो, तर रघुवीर पाटोळे तिथे आधीच बसलेला. म्हणजे हाही वडील व्हायला बघतोय. मी आणखी मागे, दाराशी चपलांजवळ उभा राहिलो. जाताना एका पाहुण्याने माझ्याकडे आपल्या चपला मागितल्या. नम्रता पोचली म्हणायची.

ता. १६ जानेवारी, बुधवार. रात्री ९
पाळकसाहेबांच्या घरी प्रार्थनासभा. मी प्रार्थना केली. आजारी, प्रवासी, गिरण्या, आफ्रिका, संयुक्त महाराष्ट्र, काही सोडलं नाही. डोळे उघडले तेव्हा चहा गार झाला होता आणि दोघं-तिघं इतके तल्लीन, की घोरत होते. मालनने सगळ्यांचा चहा पुन्हा गरम केला. घरी येताना म्हणाली, "अहो, थोडक्यात आटपत जा. माझ्या शेजारी बसलेल्या सुभद्राबाईंच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं." बायकांना आध्यात्मिक गोष्टी कळत नाहीत.

ता. २० जानेवारी, रविवार
उपासनेत सर्वांसमोर साक्ष दिली. विडी कशी सोडली ते सांगितलं. फारसा परिणाम नाही. माझी अडचण अशी, की हातून मोठं पापच झालेलं नाही. पाटोळे पूर्वी दारू प्यायचा. त्याच्या साक्षीला बायका डोळे पुसतात. नशीब एकेकाचं.

ता. २ फेब्रुवारी, शनिवार
भयंकर दिवस. उद्याच्या उपासनेसाठी मी आणि मालन चर्च झाडायला गेलो होतो. (मी देखरेखीला.) रस्त्यावर मोर्चा, घोषणा, आणि एकदम अश्रुधूर. माणसं आमच्या फाटकाशी धावत आली. मी ताबडतोब कर्तव्य ओळखलं. मागच्या खोलीत गेलो, कडी लावली आणि टेबलाखाली गुडघे टेकून सर्वांसाठी प्रार्थना केली. बाहेर मालनने फाटक उघडलं, बादल्या भरभरून पाणी दिलं. आमच्या चाळीतले गिरणीकामगार बाबुराव, त्यांचं डोकं फुटलं होतं. त्यांना माझा इस्त्रीचा रुमाल बांधला. मला विचारलंही नाही. मागोमाग पोलीस आला. मालन त्याला म्हणाली म्हणे, "साहेब, हे देवाचं घर आहे. यायचं तर या, पण काठी बाहेर ठेवा." तो परत गेला.
माझ्या प्रार्थनेचं फळ.

ता. १० फेब्रुवारी, रविवार
वातावरण अनुकूल. जो तो हात हातात घेतो. सलाम पाळकसाहेबांनी आधी केला! म्हणाले, "रणभिसे, तुमच्या घरात रत्न आहे हो." मी मान खाली घालून म्हटलं, कसलं रत्न, साधा माणूस आहे मी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

ता. १६ फेब्रुवारी, शनिवार
आभाराचं भाषण तयार. सूट आला, पोटाशी जरा घट्ट. मालनला समजावलं, उद्यापासून आपल्याकडे लोकांची ये-जा वाढेल, सवय करून घे. ती म्हणाली, "मला तुमच्याशी एक बोलायचंय, सुभद्राबाई म्हणत होत्या..." म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग ऐकतो.

ता. १७ फेब्रुवारी, रविवार
पाळकसाहेबांनी चिठ्ठी उघडून वाचलं, "रणभिसे." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मी उठलो, कोट खाली ओढला, निम्म्या वाटेपर्यंत गेलो. मग त्यांचा खोकला थांबला आणि ते म्हणाले, "मालनबाई."
आमच्या मंडळीत वडील म्हणून बाई, पहिल्यांदाच. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ती मात्र जागची हलली नाही. माझ्याकडे बघत होती. जाऊ का, असं. मी बाजूला सरून वाट दिली.
घरी येताना पाटोळे बरोबर होता. बरा माणूस आहे. त्याने चहा पाजला.

ता. २० फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी दारावर थाप. वडाळ्याहून कोणी तरुण आला होता, लग्न ठरलंय म्हणे, चर्चची तारीख हवी. विचारलं, "वडील आहेत का घरात?"
म्हटलं, माझे वडील वारून बरीच वर्षं झाली.
तो गोंधळला. "तसं नाही. मंडळीचे वडील."
मी आत वळून हाक मारली, "अहो, तुमच्याकडे कोणी आलंय." आणि चहाचं आधण ठेवलं.